डिस्क बदला, पण आधी मोजा तरी!

मा. संपादक,
स. न. वि. वि.

पावसाळ्याच्या तोंडावर तुमच्या वाहनांच्या पानावर वायपर, टायर, हेडलाइट सगळं येतं, ब्रेकबद्दल मात्र "ब्रेक तपासून घ्यावेत" एवढीच एक ओळ, आता कुणी तपासायचे आणि काय बघून तपासायचे ते काहीच नाही. आमच्या चिपळूणहून कराडला जायचं तर कुंभार्ली घाट उतरायला-चढायला लागतोच, त्यामुळे हा विषय आमच्याकडे जरा जास्तच निघतो.

ब्रेकची डिस्क म्हणजे चाकासोबत फिरणारी लोखंडी चकती आणि पॅड म्हणजे तिला दाबून गाडी थांबवणारे तुकडे, तर पॅड संपलेत म्हणून गाडी दाखवली की दोनच उत्तरं मिळतात. मोठा वर्कशॉपवाला म्हणणार डिस्कपण सोबत टाकून घ्या साहेब, आणि गल्लीतला म्हणणार डिस्क कशाला, लेथवर मारून (म्हणजे वरचा थर तासून) आणतो, नवीसारखी होते. पण मोजत दोघंही नाहीत! अहो किती झिजली की डिस्क बाद हे बहुतेक डिस्कवरच कोरलेलं असतं, किमान जाडी म्हणून, गंज खरवडला की दिसतं. समजा नवी डिस्क 17 मिमीची आणि कोरलेला आकडा 15 असेल, तर 16 भरलेली चांगली गुळगुळीत डिस्क उगाच का बदलायची? आणि 15.2 भरली तर लेथवर मारल्यावर ती आकड्याच्या खालीच जाणार, पातळ डिस्क घाटात लवकर तापणार, मग वाचवलेले पैसे काय कामाचे. मोजायचं पण अगदी कडेला नाही हं, तिथे न झिजलेली धार उरलेली असते, पॅड घासतो तिथे चार-पाच जागी मायक्रोमीटर लावायचा.

पेडल थरथरलं की "डिस्क बेंड झाली" हे ठरलेलं निदान. बेंड क्वचितच असते. बऱ्याचदा डिस्कच्या जाडीत केसापेक्षाही कमी फरक पडलेला असतो, पॅडचा मसाला कुठे जास्त कुठे कमी चिकटलेला असतो, नाहीतर हबवरचा, म्हणजे डिस्क ज्यावर बसते त्या भागावरचा गंज (कोकणात तो असणारच) साफ न करताच नवी डिस्क बसवलेली असते. असं बसवलं तर महागातली डिस्कपण थोड्या दिवसांत थरथरणार.

पॅड घेताना दुकानात एकच प्रश्न, ओरिजिनल देऊ का लोकल. पॅडवर छापलेलं कुणी वाचतच नाही. बऱ्याच पॅडवर दोन अक्षरांचा कोड असतो, एफएफ, जीएफ वगैरे, पहिलं अक्षर पॅड थंड असतानाच्या पकडीचं, दुसरं तापल्यावरच्या. ई म्हणजे घर्षणांक 0.25 ते 0.35, एफ म्हणजे 0.35 ते 0.45, जी त्याच्याही वर. घाटातून जाणाऱ्याने दुसरं अक्षर बघावं. कोडवरून पॅड किती टिकेल ते कळत नाही हे खरं, पण निदान काहीतरी कळतं. युरोपात आर 90 नावाचा नियम आहे, बदली पॅडची पकड मूळ पॅडच्या 15 टक्के इकडेतिकडे एवढ्यातच हवी आणि तशी खूण पॅडवर लागते. सिरॅमिक पॅडने आवाज आणि रिमवरची काळी धूळ कमी होते, ज्याला हौस त्याने घ्यावे. भोकं पाडलेल्या डिस्क मात्र रोजच्या गाडीला माझ्या मते नुसती शोभा, वर भोकांपाशी तडे जायची भीती.

बाकी डिस्क आणि पॅड पुढच्या किंवा मागच्या दोन्ही चाकांना जोडीनेच बदलायचे, नव्या डिस्कवरचं तेल पुसायचं, आणि पहिले काही दिवस उगाच करकचून ब्रेक मारायचे नाहीत. ब्रेक ऑइल पण बघा, ते हवेतली ओल ओढतं, ताजं डॉट 3 (ब्रेक ऑइलचा एक दर्जा) 205 अंशाला उकळतं, ओल शोषलेलं 140 लाच उकळू शकतं, आणि लांबलचक उतारावर तसं झालं की पेडल थेट खाली.

आता वर्कशॉपवाल्यांकडे मागणी एवढीच, जॉबकार्डवर किलोमीटर लिहिता, टाकीत पेट्रोल किती ते लिहिता, बंपरवरचा ओरखडा पण लिहिता, मग डिस्कची जाडी आणि पॅड किती मिमी उरलाय ते लिहायला काय होतं? काढलेले जुने पार्टही न मागता दाखवा. आणि संपादक साहेब, डिस्कवर तो आकडा कुठे असतो त्याचा एक फोटो तुम्ही पण छापा, जागा कमी पडली तर नव्या एसयूव्हीचा फोटो जरा बारीक करा.

आपला,
एक वाचक, चिपळूण