तोरणमाळला असं घर का नाही?

संपादक साहेब, नोव्हेंबरात आम्ही जळगावहून अंदमानला गेलतो, नील बेटावर म्हणजे २०१८ पासूनच्या शहीद द्वीपवर एका बंगाली कुटुंबाच्या घरीच उतरलो. टीव्ही नाही, एसी नाही, नेटवर्क तर विचारूच नका, आणि साडेपाचला गुडुप अंधार, कारण घड्याळ आपलंच पण बेट पार पूर्वेला. काकू जे घरात शिजेल तेच वाढायच्या, मासे-भात, परसातली भाजी. आमच्या हिने शेवटच्या दिवशी त्यांच्या चुलीवर वांगं भाजून भरीत केलं (मिरची जरा जास्तच झाली, काकांना ठसका लागला)! आपल्या नंदुरबार जिल्ह्यातल्या डोंगरावरच्या तोरणमाळला यशवंत तलाव आहे, थंडी आहे, मग आदिवासी बांधवांच्या घरी राहायची अशी साधी सोय वाढवायला काय हरकत आहे?

– एक वाचक, जळगाव