अब्बांच्या पासबुकातली पेन्सिल

अम्मी-अब्बा,
सलाम.

काल फोनवर अब्बा म्हणाले, बोट विकून आलेले पैसे बँकेत ठेवायचे तर सूद, म्हणजे व्याज येतं, ते आपल्याला हराम, त्यापेक्षा मोहल्ल्यात येणारा तो माणूस सांगतो तसे 'हलाल नफ्या'त घालू, महिन्याला शेकडा तीन. खोलीत माणसं होती म्हणून मी बोललो नाही. अब्बा, त्याला पैसे देऊ नका.

दुबईत मी गाडी घेतली ती इस्लामी, म्हणजे सूद न घेणाऱ्या बँकेतूनच. ह्या पद्धतीला मुराबहा म्हणतात. बँकेने गाडी आधी स्वतः विकत घेतली, आपला नफा किती ते कागदावर मांडलं आणि मग मला विकली. हप्ता ठरला तो ठरला, पुढे वाढत नाही. उशीर झाला तर दंड होतो, पण ती रक्कम बँक ठेवत नाही, दानात देते.

आमच्या खोलीतल्या चौघांची खाती त्याच बँकेत आहेत. का उघडली म्हणून विचारलं. एकाचा पगार तिथे येतो, एकाला चुलतभावाने नेलं, आणि केरळचा ख्रिस्ती मुलगा आहे त्याला हप्ता परवडला. सुदाचं नाव एकट्यानेच घेतलं. दीन, म्हणजे धर्म, मनात असतोच, तरी माणूस ओळखीचा शब्द आणि सोय बघूनच जातो. तो मोहल्ल्यातला माणूसही तुमच्याकडे ओळखीनेच आलाय ना?

मी मात्र गेलो तो तुमच्या पासबुकामुळे. सुदाची नोंद आली की तुम्ही तिच्याभोवती पेन्सिलीने गोल करायचात. मी शेजारी बसून रकमा वाचायचो, तुम्ही पाकिटाच्या मागे बेरीज मांडायचात. तेवढे पैसे काढून गरजूला द्यायचात, सवाबाची, म्हणजे पुण्य मिळवायची, नियत न ठेवता. हर्णैच्या बाजारात मासळी विकून रुपया-रुपया जोडलेला माणूस तो पैसा घरात ठेवत नव्हता, हे मी पाहिलंय.

आपल्याकडे अशी बँक नाही. २००८ मध्ये रघुराम राजन समितीने बिनव्याजी बँकिंग सुचवलं होतं, पण २०१७ मध्ये रिझर्व्ह बँकेने ते पुढे न्यायचं नाही असं ठरवलं. ह्या रिकाम्या जागेतच असली माणसं शिरतात. २०१९ मध्ये बेंगळुरूत हलाल नफ्याच्या नावाखाली हजारो कुटुंबांची पुंजी गेली. आणि अब्बा, नफ्याच्या भागीदारीत तोटाही वाटून घ्यावा लागतो. महिन्याला शेकडा तीन नक्की, असं जो म्हणतो तो सूदच देतोय, फक्त नाव बदलून.

चालू खात्यावर व्याज नसतं, हवं तर पैसे तिथे ठेवा. नाहीतर बचत खातं आणि तुमची पेन्सिल आहेच.

अम्मी, तू कागदांची पिशवी कपाटात ठेव, अब्बा कुठे सही करत नाहीत ना ते बघ. मी रमजानात येतोय. त्या माणसाला तेव्हाच बोलवा, मी समोर बसून विचारतो.

तुमचा,
इम्तियाज