प्रशिक्षण झालं म्हणता, मग हा अंगठा कोणाचा?

मा. कामगार मंत्री,
महाराष्ट्र राज्य, मुंबई.

स. न. वि. वि.

आमच्या तालुक्याच्या एमआयडीसीतल्या एका कारखान्यात रिकामे ड्रम धुताना माझा लहान भाऊ भाजला. पोळ्याच्या आठवड्यातली गोष्ट. त्यानंतर तालुक्याला बैठक झाली. मोठे साहेब आले आणि दिवाळीच्या आत ठेकेदाराकडच्या एकेका मजुराला घातक कचरा हाताळायचं रीतसर प्रशिक्षण देऊ, असं सगळ्यांसमोर कबूल करून गेले. त्यांच्या शब्दावर आम्ही रास्ता रोको मागे घेतला. आता माहितीच्या अधिकारात कागद हाती आलेत. कागदावर प्रशिक्षण झालंय. हजेरीपत्रकात माझ्या भावाचं नाव आहे आणि नावापुढे निळ्या शाईचा अंगठा आहे. साहेब, माझा भाऊ बारावी पास आहे, तो सही करतो. त्या तारखेला तो चामडी लावायच्या ऑपरेशनसाठी नागपूरच्या दवाखान्यात भरती होता आणि त्याचा उजवा हात बोटांपर्यंत पट्ट्यांत होता. हा अंगठा कोणाचा, एवढं आधी आपण शोधून सांगावं.

ज्यांनी खरोखर हजेरी लावली, त्या पोरांशी मी बोललो. हॉलमध्ये बॅनर लावला होता. पडद्यावर इंग्रजी अक्षरं सरकत होती आणि बोलणारा हिंदीत बोलत होता. मग आलुबोंडा, चहा, फोटो, सह्या. दुसऱ्या दिवशी तीच पोरं तोंडाला दुपट्टा बांधून पुन्हा त्याच ड्रमांपाशी उभी होती.

भावाचं काय झालं तेही सांगतो, कारण अहवालात ‘कामगाराचा निष्काळजीपणा’ असं लिहिलं आहे. ड्रमच्या तळाशी बोट-दोन बोटं तपकिरी पाणी होतं. ते आम्ल होतं, हे त्याला कोणी सांगितलं नव्हतं. ठेकेदाराचा माणूस म्हणाला, कास्टिक सोडा टाक, पाणी टाक, बूच लाव आणि लोळव. तो रोज तेच करायचा. आम्लात कास्टिक पडलं की आतलं पाणी उकळायला लागतं आणि बंद ड्रममध्ये दाब धरतो, हे शाळेतल्या विज्ञानाच्या मास्तरलाही सांगता आलं असतं. त्यानं बूच फिरवलं तसा फवारा तोंडावर आला. हातात सुती मोजे होते. सुती मोजा केमिकल पिऊन घेतो आणि कातडीला चिकटून बसतो. त्यापेक्षा हात उघडा असता तर धुता तरी आला असता. शेडमधल्या नळाला पाणी नव्हतं. पिण्याच्या माठातलं दोन लोटे पाणी मारलं आणि कोणीतरी चांगल्या मनानं जखमेवर टूथपेस्ट फासली. डोळ्यात केमिकल गेलं तर कमीत कमी पंधरा मिनिटं वाहत्या पाण्याखाली डोळा उघडा धरायचा असतो. हे मला दवाखान्यातल्या नर्सबाईनं सांगितलं. ती म्हणाली, तिथंच धुतला असता तर डोळा कदाचित वाचला असता. एवढं एक वाक्य शिकवायला तुमच्या यंत्रणेला किती बजेट लागतं?

आता कायदा. मी शेतकऱ्याचा पोरगा, वकील नाही; पण भाऊ भाजल्यापासून रात्री बसून वाचलं. घातक व इतर कचरा व्यवस्थापन नियम २०१६ चे आहेत. चौथ्या नियमात लिहिलंय की, जागेवर काम करणाऱ्या माणसांना सुरक्षेसाठी लागणारं प्रशिक्षण, साधनं आणि माहिती कारखानदारानं द्यायची. ‘काम करणाऱ्या माणसांना’ असं लिहिलंय, कायम कामगारांना असं नाही. तरी कारखान्याचा मॅनेजर आम्हाला गेटवर तोंड वर करून सांगतो, तो आमचा माणूस नाही, ठेकेदाराचा आहे. ठेकेदार म्हणतो, तो रोजंदारीवर होता. मग माझा भाऊ तिथं कोणाचा होता? हवेतून आला होता?

आणि पाचवा नियम थेट राज्याच्या कामगार खात्याला सांगतो. या कचऱ्याच्या पुनर्वापराच्या कामात असलेल्यांची ओळख आणि नोंदणी पक्की करा, त्यांचं कौशल्य वाढवा, त्यांच्या सुरक्षेवर आणि आरोग्यावर दर वर्षी देखरेख ठेवा. म्हणजे हे काम पर्यावरणवाल्यांचं, ते काम उद्योगवाल्यांचं असं म्हणून आपल्याला हात झटकता येणार नाहीत. आमच्या तालुक्यातल्या किती ड्रम धुणाऱ्यांची नोंदणी झाली? भावाचं नाव ईएसआयच्या, म्हणजे कामगार विम्याच्या यादीतही नव्हतं.

त्याच नियमांच्या पहिल्या अनुसूचीत केमिकल लागलेले रिकामे ड्रमही घातक कचरा म्हणून नोंदलेत. घातक कचऱ्याच्या ड्रमवर पिवळ्या रंगाचं लेबल हवं, त्यावर लाल अक्षरात धोक्याची सूचना इंग्रजी, हिंदी आणि स्थानिक भाषेत हवी. स्थानिक भाषा म्हणजे इथं मराठी. भावाच्या ड्रमवर अर्धं फाटलेलं इंग्रजी स्टिकर होतं. नागपूरजवळच्या बुटीबोरीला विदर्भातल्या घातक कचऱ्याची विल्हेवाट लावायचं केंद्र आहे, पण ड्रम तिकडं कशाला जातील? ते भंगारवाल्याकडं जातात आणि तिथून आमच्या गावात येतात. उन्हाळ्यात टँकर आला की बाया त्याच निळ्या ड्रमांत पाणी साठवतात, लग्नात त्यातलंच पाणी पंगतीला वाढतात. धुतलेलं पाणी नाल्याला जातं, तिथं आमची जनावरं पाणी पितात.

साहेब, घरचं सांगायचं नव्हतं, पण ते तरी कोणाला सांगू? एक डोळा गेला, दुसऱ्यानं धूसर दिसतं. बोटं वाकत नाहीत. त्याची बायको दुसऱ्याच्या वावरात कापूस वेचायला जाते आणि संध्याकाळी येऊन त्याला भरवते, कारण घास धरता येत नाही. चार वर्षांची पोरगी त्याच्या चेहऱ्याला भिते, आजीजवळ झोपते. दीड लाख रुपये सावकाराचे झाले, वर बैलजोडी गेली. ठेकेदारानं दहा हजार आणून दिले आणि कोऱ्या कागदावर सही मागितली. माय रोज विचारते, सरकारचं काही आलं का? मी काय सांगू तिला? की सरकारचं प्रशिक्षण झालं म्हणून?

हे आजचं नाही. २०१७ मध्ये याच यवतमाळ जिल्ह्यात पऱ्हाटीवर, म्हणजे कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर गेले, शेकडो दवाखान्यात पडले. तेव्हाही मजुरांनाच बोल लावला, मास्क घालत नाहीत, किट वापरत नाहीत. कीटकनाशक नियम १९७१ पासून आहेत. त्यातही उत्पादकांनी आणि वितरकांनी सुरक्षेचं प्रशिक्षण द्यायचं लिहिलंय. आमच्या गावात कोणी दिलं? हंगामात फवारणी करणारी पोरं आणि हंगाम संपला की ड्रम धुणारी पोरं एकच आहेत. वावरात विष, कारखान्यात विष, आणि दोन्हीकडे चूक त्यांचीच.

भोपाळच्या वायुकांडानंतर १९८७ साली कारखाना कायद्यात कामगाराला धोक्याची माहिती मिळण्याचा आणि प्रशिक्षणाचा हक्क घातला. आता नव्या कामगार संहिता आल्या. हक्क कागदावर वाढत गेले आणि माणसं मरत राहिली. डिसेंबर २०२३ मध्ये नागपूरजवळच्या बाजारगावला स्फोटकांच्या कारखान्यातल्या स्फोटात ९ जण गेले, त्यात ६ बाया होत्या. जानेवारी २०२५ मध्ये भंडाऱ्याच्या आयुध निर्माणीतल्या स्फोटात किमान ८ गेले. प्रत्येक वेळी चौकशी, मदत जाहीर, शोक व्यक्त. मुंबईचा मंत्री विमानानं येतो आणि विमानानं जातो. दावोसला करार होतात, गडचिरोलीचं स्टील हब करू म्हणता. करा. पण पोलाद आम्लात धुतलं की त्याचाही घातक गाळ निघतो. तो कोण उचलणार? आमचीच पोरं. त्यांना शिकवायची तयारी त्या करारात कुठं लिहिली आहे?

मला सत्कार नको, सांत्वनाला कोणी घरी यायला नको. खोटी हजेरी करणाऱ्यावर गुन्हा दाखल करा. प्रशिक्षण हॉलमध्ये नको, ड्रमापाशी द्या, मराठीत द्या, हातात खरे रबरी मोजे घालून द्या, आणि शेडमध्ये आधी नळाला पाणी आणा. तालुक्यातल्या प्रत्येक ठेकेदाराच्या मजुरांची यादी ग्रामपंचायतीच्या फलकावर लावा, म्हणजे भाजल्यावर ‘तो आमचा नाही’ असं कोणाला म्हणता येणार नाही. भावाला अपघाताची भरपाई कारखान्याकडून मिळवून द्या, ती भीक नाही.

उत्तर लेखी द्या, मराठीत द्या. ग्रामपंचायतीच्या पत्त्यावर पाठवलं तरी चालेल. येत्या ग्रामसभेत वाचून दाखवू. आलं नाही, तर आलं नाही हेही त्याच सभेत सांगू आणि रस्त्यावर परत बसू. या वेळी तोंडी शब्दावर उठणार नाही.

आपला,
भाजलेल्या कामगाराचा मोठा भाऊ
जिल्हा यवतमाळ