तांबट आळीतील कारखान्यांसाठी पुणेकरांना आवाहन

सप्रेम नमस्कार,

कसबा पेठेत कुंभारवाडा, बुरूड आळी, तांबट आळी ही नावे आजही रोजच्या बोलण्यात आहेत, आणि त्यांपैकी तांबट आळीत नावाप्रमाणे तांब्याची भांडी घडवण्याचे काम अजूनही चालते, याचा आम्हां रहिवाशांना मनापासून अभिमान आहे. पेशवाईत कोकणातून पुण्यात आलेल्या त्वष्टा कासार कारागिरांची ही वसाहत. त्यांच्या पूर्वजांनी राज्यासाठी नाणी, चिलखते आणि तोफांची कामे केली, असे आळीत पिढ्यान्‌पिढ्या सांगितले जाते. पुढे हंडा, कळशी, घंगाळ, बंब आणि देवघरातील ताम्हन-पळी-पंचपात्र हीच या आळीची ओळख झाली.

या कारखान्यांना भेट देण्याचे नियमित उपक्रम सुरू करावेत आणि त्यातून कारागिरांच्या हाती थेट काही रक्कम पडावी, या हेतूने आमचे मंडळ आपल्यापुढे हे आवाहन ठेवीत आहे.

भांडे घडताना पाहिलेल्या माणसाला त्याची किंमत वेगळी समजावून सांगावी लागत नाही. पत्रा गोल कापायचा, ठोकून खोलगट करायचा, वेगवेगळे भाग डाग देऊन जोडायचे, ही कामाची सुरुवात. तांबे ठोकता ठोकता कडक होत जाते; म्हणून ते मधूनमधून भट्टीत तापवून पुन्हा नरम करावे लागते, नाहीतर पत्र्याला चीर जाते. शेवटी येते ते मठारकाम. लोखंडी आधारावर भांडे चढवून, एका हाताने ते किंचित किंचित फिरवत, दुसऱ्या हातातील गुळगुळीत तोंडाच्या हातोडीने कारागीर ठोक्यांशेजारी ठोके देत जातो. आखून घेतलेली रेघ नसते आणि मापाची पट्टीही नसते, तरीही ठोक्यांच्या ओळी एकसारख्या उतरतात. या ठोक्यांनी भांड्याची भिंत मजबूत होते आणि तांब्याला ती चमक येते, जिच्यावरून जाणकार माणूस हातकाम आणि यंत्रकाम लगेच वेगळे ओळखतो. मनगटाला हा अंदाज येण्यासाठी वर्षे जातात, आणि शिकणाऱ्याने ती वर्षे कशाच्या आधारावर काढावीत, हाच आज आळीपुढील सर्वांत अवघड प्रश्न आहे.

स्टेनलेस स्टीलची भांडी आली, बंबाची जागा गीझरने घेतली आणि मागणी आटली. अनेक घरांतील मुले नोकरीला लागली. त्यांना दोष देण्याचे काहीच कारण नाही. जुने वाडे जाऊन उंच इमारती होत आहेत, आणि तेथे नव्याने राहायला आलेल्यांना ठोक्यांचा आवाज खटकतो. वारसा जतनाचे काम करणाऱ्या इंटॅक या संस्थेच्या पुणे शाखेने काही वर्षांपूर्वी कारागिरांबरोबर काम करून आजच्या घरांना साजेशा वस्तू घडवण्यास चालना दिली, त्यातून मठारकामाला नवे गिऱ्हाईक मिळाले. मात्र सारा भार अशा एखाद्या उपक्रमावर टाकून शहराने मोकळे व्हावे, हे आम्हांला योग्य वाटत नाही.

आपल्याकडून आम्हांला पहिली मदत हवी आहे ती कारागिरांच्या मानधनासाठी. काम थांबवून पाहुण्यांना समजावून सांगण्यात कारागिराची मजुरी बुडते, त्यामुळे प्रत्येक भेटीचे मानधन त्याच दिवशी त्याच्या हाती दिले जाईल. भेटीला येणारे गट लहान असतील, छायाचित्र घेण्यापूर्वी परवानगी विचारली जाईल आणि कारखान्यात किमतीची घासाघीस करू नये, ही विनंती प्रत्येकाला आधीच केली जाईल. शिकण्यास तयार असलेल्या तरुणांना दरमहा विद्यावेतन देणे आणि गळक्या छपरांची, जुन्या भट्ट्यांची दुरुस्ती करणे, यांसाठीही निधी लागणार आहे. त्यांतही विद्यावेतनाला आम्ही अग्रक्रम देऊ, कारण हातोडी धरणारा हात तयार झाला नाही, तर दुरुस्त केलेला कारखाना केवळ पाहण्यापुरता उरेल.

पैशांइतकेच महत्त्वाचे आणखी एक साहाय्य आपण करू शकता. माळ्यावर पडलेला बंब किंवा आजीचे घंगाळ कृपया मोडीत घालू नका. मोडीत फक्त तांब्याचे वजन मोजले जाते, घडणावळीला तेथे काही किंमत नसते. पोचा काढणे, डाग देणे, उजळणे ही कामे आळीत आजही होतात, आणि स्वयंपाकाच्या भांड्याला कल्हई करून घेतली की ते पुन्हा वापरता येते. दिवाळीच्या अभ्यंगस्नानासाठी घरातील जुने घंगाळ काढायचे असेल, तर दुरुस्तीला आधीच द्यावे. सणाच्या तोंडावर कारागिरांवर कामाचा ताण येतो. ज्यांच्याकडे तांबटकामाची जुनी हत्यारे, हिशेबाच्या वह्या किंवा आळीची छायाचित्रे असतील, त्यांनी ती नोंदीसाठी पाहू द्यावीत. नोंद होताच ती परत केली जातील.

देणगी लहान असो वा मोठी, तिची पावती दिली जाईल आणि जमाखर्चाचा तपशील दर तीन महिन्यांनी मंडळाच्या फलकावर लावला जाईल. भेटींच्या वेळी मार्गदर्शन करण्यासाठी मराठी, हिंदी आणि इंग्रजी बोलू शकणारे स्वयंसेवकही हवे आहेत. महाविद्यालयीन विद्यार्थ्यांचे विशेष स्वागत आहे. मेट्रोचे कसबा पेठ स्थानक २०२४ मध्ये सुरू झाल्यापासून आळीत येणे सोपे झाले आहे, आणि अरुंद रस्त्यात वाहन लावण्यास जागा नसल्याने शक्यतो मेट्रोने किंवा पायीच यावे, ही विनंती.

आपले नम्र,
कार्यकारी समिती