दाण्यावरची पाखरं

अ‍ॅन आर्बर, मिशिगन
२८ जानेवारी

ती. आई-बाबांना साष्टांग नमस्कार.

"एवढ्या थंडीत खिडकीपाशी काय करत बसतेस?" असं आईनं परवा विचारलं. तेव्हा घाईत होते, म्हणून आता सविस्तर लिहिते.

नोव्हेंबरात परसातल्या मेपलच्या झाडाला पाखरांना दाणे घालायचा एक फीडर टांगला. जाळीची नळी, आत सूर्यफुलाच्या काळ्या बिया. आठ दिवस कुणी फिरकलं नाही. मग एका सकाळी चिकडी नावाचा चिमुकला पक्षी आला. काळी टोपी, काळा गळा, पांढरे गाल, वजन जेमतेम ११ ग्रॅम. तो फीडरवर बसून खात नाही. एकच बी उचलतो, फांदीवर नेऊन पायांत धरून फोडतो, नाहीतर सालीच्या फटीत लपवतो. अशा किती जागा त्याच्या ध्यानात राहतात! कडाक्याच्या रात्री तो अंगाची ऊब दहा-बारा अंशांनी उतरवतो, तेव्हा कुठं दिवसभर खाऊन साठवलेली चरबी पहाटेपर्यंत पुरते. हे वाचल्यापासून थंडीच्या रात्री मला मधेच जाग येते. आज पारा उणे १९वर होता. उजाडायच्या आधीपासून खिडकीशी उभी होते. आठ वाजून गेले आणि आला. आई, देवापुढे दिवा लावावा तसं वाटलं.

कार्डिनलचा नर कुंकवासारखा लाल, झुंजूमुंजू होताना आणि अंधारताना हमखास येतो. जंको खाली सांडलेलं वेचतात. ते उत्तरेकडून हिवाळ्यापुरते इथं येतात. सुतार पक्ष्यासाठी लोक गाईच्या चरबीची वडी टांगतात. माझ्यानं ते झालं नाही, मी शेंगदाणे ठेवले, तेही तो आवडीनं खातो. इथं सारखे दिसणारे दोन सुतार आहेत. ज्याची चोच आखूड, तो डाऊनी. हे ओळखायला मला तीन आठवडे लागले.

बाबा, ज्वारी हुरड्यात आली की तुम्ही माळ्यावर उभं राहून गोफणीनं भोरड्या हाकलायचात ना? त्या भोरड्याही थंडीच्या पाहुण्या, थेट मध्य आशियातून येणाऱ्या. हे मला इतक्या लांब येऊन कळलं. थवा वळायच्या आधी तुम्हाला कसं समजायचं, ते मला नीट सांगा. माझ्यापेक्षा पाखरं तुम्हीच जास्त पाहिलीत.

कॉर्नेल विद्यापीठाची पक्षी प्रयोगशाळा हिवाळाभर लोकांकडून परसातले पक्षी मोजून घेते, त्यात मीही आहे. एका वेळी जास्तीत जास्त किती दिसले, तेवढाच आकडा लिहायचा, नाहीतर तोच चिकडी दहादा मोजला जातो. फेब्रुवारीच्या मध्याला चार दिवस अशीच गणती जगभर असते, सोलापुरातूनही करता येते. आई कावळ्यांना घास ठेवते तिथं पंधरा मिनिटं बसाल? किती कावळे, किती साळुंक्या, एवढं फोनवर सांगा, यादी मी भरते. गुडघा दुखत असेल तर गच्चीचा जिना चढू नका, मागच्या दारातूनही चालेल.

तुमची लेक