सुताची वही आणि सरळ रेषा : केंद्रीय अर्थमंत्र्यांना खुले पत्र

मा. केंद्रीय अर्थमंत्री, भारत सरकार यांस,
स.न.वि.वि.

मी सोलापुरात पदवीच्या मुलांना संख्याशास्त्र शिकवते. अक्कलकोट रोड एमआयडीसीजवळ आमचं घर, शेजारी टॉवेलचा छोटा कारखाना. आठ माग. मालक कित्येक वर्षं सुताचा भाव वहीत टिपून ठेवतात. चढला की लाल पेनाने, उतरला की निळ्या. मागच्या दिवाळीत त्यांनी ती वही मला बघायला दिली. कापूस महागला की चार-पाच दिवसांत लाल नोंद. कापूस उतरला की निळी नोंद यायला महिना-दीड महिना जातो. तोवर गिऱ्हाईक मात्र "कापूस पडलाय की" म्हणत टॉवेलचा भाव पाडून मागतं.

कापूस आणि सूत यांच्या भावांचं नातं एकाच सरळ रेषेने, म्हणजे चढ-उताराला एकच नियम लावून, मांडलं तर चढ आणि उतार एकमेकांत मिसळतात आणि सगळं ठीकठाक दिसतं. मालकाचा तोटा त्या मिसळण्यातच हरवतो.

शेअर बाजारातही हेच होतं. माझे काका गिरणीतून निवृत्त झाले. पैसे कुठे ठेवायचे हे विचारायला गेले, तेव्हा त्यांना वर्षाचा सरासरी परतावा सांगितला गेला. वाईट महिना किती वाईट असू शकतो, हे कुणी सांगितलं नाही. २३ मार्च २०२० ला सेन्सेक्स एका दिवसात ३,९३४ अंकांनी कोसळून २५,९८१ वर बंद झाला. जानेवारीत तो ४२,००० च्या वर गेला होता. काकांनी त्याच आठवड्यात सगळे पैसे काढले. पुढच्या जानेवारीत सेन्सेक्स ५०,००० ला टेकला, तेव्हा त्यांचे पैसे बचत खात्यात पडून होते. त्यांना मी दोष देत नाही. त्यांच्या हातात दिलेला आकडाच अपुरा होता.

ही गोष्ट अभ्यासकांना नवी नाही. चढउतारांची तीव्रता काळानुसार बदलते आणि ती मोजता येते, हे रॉबर्ट एंगल यांनी १९८२ मध्ये मांडलं. त्यासाठी त्यांना २००३ चं नोबेल मिळालं. जेम्स हॅमिल्टन यांनी १९८९ मध्ये अर्थव्यवस्था तेजी आणि मंदी अशा दोन अवस्थांमध्ये कशी ये-जा करते ते दाखवलं. वाईट बातमी तेवढ्याच मोठ्या चांगल्या बातमीपेक्षा बाजार जास्त हलवते, हे पकडणारं मॉडेल डॅनियल नेल्सन यांनी १९९१ मध्ये दिलं. व्याजदराचंही तसंच. रिझर्व्ह बँकेने २७ मार्च २०२० ला रेपो दर (ती बँकांना ज्या दराने कर्ज देते तो) पाऊण टक्क्याने उतरवून ४.४० टक्क्यांवर आणला. शांत काळातल्या पाव टक्क्याच्या कपातीचा परिणाम घेऊन त्याची तिप्पट केली, तर त्या दिवसाच्या कपातीचा खरा परिणाम कळत नाही. घबराटीत दर वेगळं काम करतो.

म्हणून आपल्याकडे माझ्या दोन मागण्या आहेत. पहिली, आर्थिक पाहणी अहवालात कच्चं तेल, रुपया आणि रेपो दर यांचे परिणाम मांडताना चढ आणि उतार वेगळे दाखवावेत, शांत काळ आणि धक्क्याचा काळही वेगळा दाखवावा.

दुसरी मागणी माझ्या दृष्टीने जास्त जिव्हाळ्याची आहे. चढ-उतार असे वेगळे मोजणाऱ्या पद्धतींना भरपूर आकडे लागतात, कारण घबराटीचे महिने मुळातच थोडे असतात. औद्योगिक उत्पादनाचा निर्देशांक दर महिन्याला येतो, पण तो देशाचा. त्यात सोलापूरचे माग दिसत नाहीत. जिल्ह्याचं उत्पन्न वर्षातून एकदा कळतं. वर्षाला एक याप्रमाणे दहा आकड्यांवर माझे विद्यार्थी काय शोधणार? पण यंत्रमागाच्या वीजजोडण्यांचा दर वेगळा असतो, त्यामुळे त्यांची नोंदही वेगळी होते. राज्य सरकारशी बोलून त्यांचा जिल्हावार मासिक वीजवापर, कुणाचंही नाव न देता, जाहीर करायला लावा. माग चालला की मीटर फिरतो आणि बंद पडला की थांबतो.

शेजारची वही मी मालकांच्या परवानगीने संगणकात उतरवून घेतली आहे. आपल्या खात्याला हवी असेल तर पाठवते.

आपली,
सोलापूरची एक शिक्षिका