केळीच्या बागेतली निळी पिशवी आणि अरबी समुद्रातला देवमासा

प्रति,
मा. पर्यावरण व वातावरणीय बदल मंत्री,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई.

स. न. वि. वि.

मी चोपडा तालुक्यातला, तापीकाठचा माणूस. तीसेक वर्षं माध्यमिक शाळेत भूगोल शिकवला, आता घरची तीन एकर केळी बघतो. आमच्या गावापासून समुद्र अडीचशे किलोमीटरहून जास्त लांब आहे आणि हे पत्र देवमाशाबद्दल आहे. विषय वाचूनच कुणीतरी ते मत्स्यव्यवसाय खात्याकडे 'पुढील कार्यवाहीसाठी' रवाना करील अशी धास्ती वाटते. म्हणून आधीच सांगतो, माझी मागणी केळीच्या घडाला चढवतात त्या प्लास्टिकच्या पिशवीबद्दल आहे आणि ती तुमच्याच खात्याच्या दारात येते.

बऱ्याच वर्षांपूर्वी आठवीच्या वर्गात मी महासागर शिकवत होतो. निळ्या देवमाशाची लांबी सांगितली. तीस मीटरपर्यंत, म्हणजे एसटीच्या जवळजवळ तीन बस एकामागे एक उभ्या केल्यासारखी. वजन दीडशे टनांच्या आसपास. पृथ्वीवर आजवर होऊन गेलेल्या ज्ञात प्राण्यांत याच्याहून मोठा कुणी नाही. मागच्या बाकावरचा एक पोरगा उठला आणि म्हणाला, "सर, आपला गावले समुद्र नही, मंग हाऊ मासा आपला काय लागस?" वर्ग हसला. मीही हसून म्हणालो, "काही लागत नाही रे, पण परीक्षेत येतो." ते उत्तर चुकीचं होतं. तेव्हा ते बरोबर देता आलं नाही, ती उधारी आज तुमच्या नावे फेडतो आहे.

देवमाशांत दोन घराणी आहेत, दातवाले आणि बिनदाताचे. आपल्याकडे वर्तमानपत्रात 'देवमाशाची उलटी पकडली' म्हणून अधूनमधून बातमी येते, ती दातवाल्याची, स्पर्म व्हेलची. दुर्दैव असं की देवमाशाबद्दल आमच्या बाजारात जी काही चर्चा होते ती तेवढीच, आणि तीही भाव किती येतो याची. माझा विषय बिनदाताच्यांचा आहे: निळा, फिन, हंपबॅक वगैरे. इंग्रजीत त्यांना बलीन व्हेल म्हणतात. त्यांच्या वरच्या जबड्यातून शेकडो पट्ट्या खाली लोंबतात. आपली नखं आणि केस ज्या केराटिनचे, त्याच केराटिनच्या. आतल्या कडेला या पट्ट्या झिजतात, त्यांचे तंतू मोकळे होऊन एकमेकांत गुंततात आणि दाट गाळणी तयार होते.

पुराच्या दिवसांत आमच्या आया-बहिणी हंड्याच्या तोंडाला फडकं बांधून गढूळ पाणी गाळायच्या, हे तसंच. मात्र एक गोष्ट उलटी. आपण फडक्यावर राहिलेलं फेकतो आणि खाली आलेलं पितो. देवमासा पाणी सोडून देतो आणि फडक्यावर राहील ते गिळतो. साहेब, एवढं ध्यानात असू द्या, पुढे ते लागणार आहे.

फिन व्हेल एका घासात सत्तर हजार लिटरच्या आसपास पाणी तोंडात घेतो. उन्हाळ्यात अमळनेर-पारोळ्याकडे धावणारा टँकर दहा हजार लिटरचा धरला तर एका घासात सात टँकर. मग हे सगळं पाणी गाळणीतून बाहेर ढकलायचं आणि उरलेला क्रिल, कोळंबीसारखा बोटाच्या दोन पेरांएवढा जीव, पोटात घालायचा. एवढं धूड आणि खाणं इतकं बारीक, याचं मला अजून नवल वाटतं. बहुतेक जण खोल जाऊन खातात, वर येऊन श्वास घेतात आणि विष्ठाही वरच टाकतात. त्या विष्ठेत लोह असतं, त्यावर समुद्रातलं वनस्पतिप्लवक, म्हणजे पाण्यात तरंगणारी अतिसूक्ष्म वनस्पती, वाढतं आणि त्यावर क्रिल. शेतकऱ्याला हे गणित फार समजावून सांगावं लागत नाही. समुद्राचं शेणखत म्हणा आणि पुढे चला.

आता 'काय लागस'कडे येतो. नातं आहे, आणि जवळचं आहे. देवमाशाचे पूर्वज जमिनीवर चार पायांनी चालत होते. सुमारे ४ कोटी ८० लाख वर्षांपूर्वी जम्मू-काश्मीरमधल्या कालाकोट भागात मांजराएवढा, हरणाच्या चणीचा एक प्राणी राहत होता. त्याचे अवशेष असलेले दगड ए. रंगा राव या भारतीय भूवैज्ञानिकाने गोळा करून ठेवले होते. त्यांच्यावर पुढे काम झालं आणि २००७ मध्ये हा 'इंडोह्यूस' देवमाशांच्या अगदी जवळचा नातलग म्हणून जगापुढे आला. कच्छमध्ये तर खऱ्याखुऱ्या आदिम देवमाशांचीच हाडं सापडली, त्यांना पायही होते. म्हणजे हे घराणं आपल्याच उपखंडाच्या काठावर, भारत आणि आशिया यांच्यामधल्या आटत चाललेल्या समुद्रात पाण्यात उतरलं. काळा पाषाण घातलेली आमची खानदेशची जमीन तेव्हा थंड होऊन दोनेक कोटी वर्षं लोटली नसतील.

दुसरं नातं पावसाचं. अरबी समुद्रातले हंपबॅक जगातल्या इतर हंपबॅकसारखे ध्रुवाकडे प्रवास करत नाहीत, बारा महिने इथेच राहतात. त्यांना ते परवडतं कारण नैर्ऋत्य मोसमी वारे ओमानच्या किनाऱ्याजवळ खोलचं थंड, खतावलेलं पाणी वर आणतात आणि तिथे खाणं पिकतं. ज्या वाऱ्याची वाट बघत आम्ही रोहिणी आणि मृग मोजतो, त्याच वाऱ्यावर त्यांचं ताट वाढलं जातं. सुमारे ७० हजार वर्षांपासून ते बाकीच्या हंपबॅकपासून वेगळे पडलेले आहेत. ओमानकडच्या गणनेत ते शंभरही भरत नाहीत. २०१७ च्या शेवटी त्यांच्यातल्या एका मादीला ओमानमध्ये उपग्रहाचं यंत्र लावलं. तिचं नाव लुबान, म्हणजे आपण ज्याला ऊद किंवा लोबान म्हणतो ते. ही बाई समुद्र ओलांडून गोव्यासमोर आली, कन्याकुमारीपर्यंत गेली आणि परत माहेरी पोचली. बारा वर्षांत मी पंढरपूरलासुद्धा गेलो नाही.

शंभराच्या आत का उरले, हे सांगायलाच हवं. १९६६ च्या आसपास सोव्हिएत शिकारी जहाजांनी ओमान, पाकिस्तान आणि वायव्य भारताच्या समोरच्या समुद्रात २४२ हंपबॅक मारले आणि जगाला कळू दिलं नाही. ती आकडेवारी सोव्हिएत संघ कोसळल्यावर बाहेर आली. आणि हा हिशेब केवळ एका कोपऱ्यातला. विसाव्या शतकात जगभर सर्व जातींचे मिळून सुमारे २९ लाख देवमासे मारले गेले. अंटार्क्टिकातले निळे देवमासे २ लाख ३९ हजारांच्या घरात होते, ते १९७३ पर्यंत साडेतीनशेच्या आसपास आले. कशासाठी? तेलासाठी. आधीच्या शतकांत ते दिव्यांना लागे, मग साबणाला आणि मार्गारिनला. तोंडातल्या त्या गाळणीच्या पट्ट्या वाकतात पण मोडत नाहीत, म्हणून युरोपातल्या बायकांच्या कंबर आवळणाऱ्या चोळ्यांना, छत्रीच्या काड्यांना आणि घोडागाडीच्या चाबकांना त्या लागत. पोलादी पट्ट्या आल्या, मग प्लास्टिक आलं आणि त्या पट्ट्यांची गरज संपली. प्लास्टिकने देवमाशावर केलेला हा बहुधा एकमेव उपकार. १९७९ मध्ये हिंदी महासागर देवमाशांचं अभयारण्य जाहीर झाला, १९८६ पासून व्यापारी शिकारीवर जागतिक बंदी आली. आपल्या कायद्याने तर त्याला वाघाच्या रांगेत, पहिल्या अनुसूचीत बसवलं आहे. निदान आपल्या समुद्रात तरी भाल्याचा बंदोबस्त झाला.

आता माझ्या बागेत या. केळीची लागण पाच बाय पाच फुटांवर केली की एकरी १७४२ खोडं बसतात. निसवण झाली, घड बाहेर पडला की त्याला निळी स्कर्टिंग बॅग चढवायची, म्हणजे थंडीने, उन्हाने आणि किडीने डाग पडत नाहीत आणि बाहेर पाठवायच्या मालाला भाव मिळतो. ही पिशवी शेतकऱ्याने हौसेने आणलेली नाही, व्यापारी डागाचा माल बाजूला काढतो म्हणून आणली. माझ्या तीन एकरांत पाच हजारांवर पिशव्या. कटाईच्या दिवशी मजूर पिशवी ओढून काढतो, बांधावर टाकतो आणि घड खांद्यावर घेऊन ट्रककडे जातो. ठिबकच्या जुन्या नळ्या भंगारवाला नेतो, वजन असतं. पिशवीला वजन नाही, म्हणून तिला मालकही नाही. वाफ्यावर अंथरायच्या प्लास्टिकची, मल्चिंग पेपरची, तीच कथा, मातीत फाटून पडलेला.

कबूल करतो, पहिली दोन वर्षं मी पिशव्या जाळल्या. तिसऱ्या वर्षी धुराने सूनबाई खोकायला लागली तेव्हा नाल्यात लोटल्या. नाला तापीला मिळतो. भूगोलाच्या मास्तराने हे केलं.

गेल्या वर्षी सारंगखेड्याच्या यात्रेला, घोडे बघायला गेलो होतो. पुलावर थांबलो तर काठच्या बाभळींना पुराच्या उंचीवर निळ्या चिंध्या लटकलेल्या. माझ्याच असतील असं नाही, पण रंग ओळखीचा होता.

कुणी म्हणेल, मधे बंधारे आहेत, सुलवाडे, सारंगखेडा, प्रकाशा, खाली उकाईचं एवढं मोठं धरण, मग समुद्रात जातं काय? बरंच अडत असेल, मान्य. पण ऊन खाल्लेलं प्लास्टिक ठिसूळ होतं, चुरा होतो, आणि चुऱ्याला कोणतंच दार अडवत नाही. शिवाय धरणं पुरात उघडावी लागतात. ऑगस्ट २००६ मध्ये उकाईचं पाणी सोडलं तेव्हा सुरतेत काय झालं ते सगळ्या देशाने पाहिलं. सुरतेच्या पुढे खंबातचं आखात आणि मग अरबी समुद्र, लुबानचं घर.

२०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यासमोरचा निळा देवमासा दिवसाला एक कोटीपर्यंत प्लास्टिकचे कण गिळत असावा असा अंदाज मांडला आहे. त्यातले जवळजवळ सगळे पाण्यातून नाही, तर खाल्लेल्या क्रिलच्या पोटातून जातात. हंड्यावरचं फडकं आठवा. फडक्यावर राहील ते त्याच्या पोटात. वाघ नासकं मांस हुंगून सोडू शकतो, याला ती सोय नाही.

२०२३ च्या दिवाळीत गणपतीपुळ्याला देवमाशाचं पिल्लू वाळूत रुतलं होतं. कोळी, गावकरी, सरकारी माणसं, सगळ्यांनी जिवाचं रान करून त्याला पाण्यात ओढलं. ते वाचलं नाही. ते प्लास्टिकने गेलं असं मी मुळीच म्हणत नाही. मी म्हणतो ते एवढंच की त्या दोन-तीन दिवसांत आमच्या चावडीवरही टीव्हीसमोर माणसं बसून होती आणि म्हाताऱ्या 'लेकरू शे बिचारं' म्हणत होत्या. खानदेशाला देवमाशाचं सोयरसुतक नाही असं समजू नका.

२०१८ मध्ये प्लास्टिकबंदी आली तेव्हा भाजीवाल्या बाईची पिशवी गेली. दंडाच्या पावत्या फाटल्या. शेतातल्या पिशवीकडे कुणी पाहिलं नाही. मी स्वतः तालुक्याच्या एका कार्यालयात चौकशीला गेलो. त्यांनी दुसरं कार्यालय दाखवलं, दुसऱ्याने ग्रामपंचायत दाखवली, ग्रामपंचायतीने घंटागाडी दाखवली. घंटागाडीवाला म्हणाला, "सर, शेतमाल आम्ही घेत नाही." केळीची पिशवी शेतमाल झाली, हा नवा भूगोल मी त्या दिवशी शिकलो.

म्हणून मागणी सांगतो. केळी भरायला जो ट्रक बांधावर येतो, तिथेच पिशवीही गोळा व्हावी. पिशवी विकणाऱ्याने ती परत घ्यायची, नगामागे रुपया-आठ आणे अनामत ठेवायची, म्हणजे मजूर ती बांधावर टाकणार नाही, मोजून देईल. दुधाच्या बाटल्यांच्या काळात आपण हेच करत होतो. कृषी खात्याला बरोबर घेऊन ठिबकच्या अनुदानाला एक अट जोडा: जुन्या नळ्या जमा केल्याची पावती दाखवा, मग नव्याचं अनुदान. आणि प्रकाशाच्या बॅरेजवर, म्हणजे नदी आपल्या हातून जायच्या आधी, पाण्यातले प्लास्टिकचे कण दर पावसाळ्यात मोजून त्याचे आकडे लोकांपुढे ठेवा. रावेर, यावल आणि चोपडा हे तीन केळीचे तालुके आधी घ्या. जमलं तर पुढे बघू. एवढ्यासाठी नवं महामंडळ काढू नका, ही विनंती.

अनामतीची कल्पना मी गावातल्या पंधरा-वीस शेतकऱ्यांपुढे मांडली. दोघे-तिघे 'मास्तरला रिकामपण सुचतं' म्हणाले, बाकीच्यांनी विचारलं की पैसे आधी कोण भरणार. प्रश्न रास्त आहे आणि त्याचं उत्तर तुमच्याकडेच आहे.

या हंगामात मी नाल्यात काही टाकलं नाही. पिशव्या सुकवून, घडी घालून युरियाच्या रिकाम्या गोण्यांत भरल्या आहेत. गोठ्याच्या मागे एकोणीस गोण्या उभ्या आहेत, आणि सून रोज विचारते की हे किती दिवस ठेवायचं. कुठे पाठवायच्या ते कळवावं, बैलगाडी आहे, स्टेशनपर्यंत मी पोचवीन.

आपला,
एक निवृत्त भूगोल शिक्षक व केळी उत्पादक,
तालुका चोपडा, जिल्हा जळगाव